पीठ फुगेपर्यंत

रात्रीचे पावणेतीन. हॉलरॉइड बेकरीत
पावाचं पीठ ओल्या फडक्याखाली निजलेलं,
वरच्या फळीवर टीव्ही जागा.
गावातल्याच बॅडमिंटनच्या हॉलमध्ये मतं मोजून झाली होती;
मंचामागे गुंडाळलेलं नेट दिसत होतं.

ग्वेंडाने चष्मा लावला. म्हणजे आता भाषण ऐकायचं,
खरं तर भाषण नव्हे, त्यातलं इंग्रजी.
बावीस वर्षं ती पाव मोजते आहे,
मोजता येणाऱ्या वस्तूला कुणी 'लेस' म्हटलं
की तिला तवा लागल्यासारखं होतं.

निवडून आलेल्या बाई माइकपाशी आल्या.
'आय वुड लाइक टु थँक...'
"आवडेल म्हणे! मग मान ना आभार, धरलंय कुणी?"
'ईच अँड एव्हरी वन ऑफ यू...'
"एकाच पावाला दोनदा लोणी."
'आय ॲम हम्बल्ड...'
इथे भट्टीजवळून हेक्टर खोकला.
तो ग्लासगोचा. त्याचं इंग्रजी मला अजून अर्धंच कळतं,
खोकला मात्र पूर्ण कळला.

ट्रे पुसता पुसता बोझेनाने विचारलं,
"ती 'ए चेंज' म्हणाली, की 'द चेंज'?"
तिच्या पोलिशमध्ये ए नाही, द नाही. माझ्याकडेही नाही.
आम्ही दोघी बदलाला नुसतंच बदल म्हणतो
आणि येतो का ते बघत बसतो.
ग्वेंडा म्हणाली, "'ए' म्हणजे कुठलाही. 'द' म्हणजे आधी सांगितलेला."
"आधी कुठे सांगितलाय?"
"मग 'ए'च असणार."

नंतर 'वी'. वी विल, वी मस्ट, वी टुगेदर.
सतरा मोजले मी, आणि सतरा वेळा ठेचकाळले:
हे 'आम्ही' की 'आपण'?
फोटोपुरते आम्ही, खर्चाला आपण,
सगळं त्या एका फडक्याखाली झाकलेलं.

इथे उमेदवार निवडणुकीला उभे राहतात,
अमेरिकेत म्हणे धावतात.
आमच्याकडेही उभेच राहतात, मी सांगितलं,
आणि हरले की आम्ही म्हणतो, पडले.
"अरेरे," हेक्टर म्हणाला, "लागलं का फार?"

पडलेला आला सर्वांत शेवटी. सेल्विन ॲक्रॉइड, अपक्ष,
नऊ नंबरच्या बसपायी उभा राहिलेला.
दोनशे बारा मतं. डिपॉझिट जप्त.
टाय सैल, हातात कागद नाही.
'मी अँड द वाइफ,' तो म्हणाला, 'वी डन अवर बेस्ट.
द बस स्टिल डोंट कम. थँक्स.'

एवढंच. आणि बाजूला झाला.
त्याच्या 'वी'मध्ये दोन माणसं होती, मोजता आली.

आम्ही तिघांनी ग्वेंडाकडे पाहिलं.
तिने चष्मा काढून एप्रनला पुसला;
एप्रनला पीठ, काच आणखीच पांढरी.
"'आय' हवं होतं तिथे," शेवटी म्हणाली,
पण अशी, की पाव जरा करपलाय, चालेल, ठेव गाडीत.

'आय'. माझ्या भाषेत आय म्हणजे मिळकत,
आणि त्याच्यापाशी तेवढंच नव्हतं.
'मी' म्हणजे मात्र मीच.
रात्रभरातलं ते एक वाक्य
माझ्या कानाला पहिल्या शब्दापासून शुद्ध होतं.
बोलले नाही. समजावायला अर्धा तास गेला असता
आणि पीठ तोवर फडक्याला टेकलं होतं.

बोझेनाने टीव्हीचा आवाज मारला.
बाई अजून हात हलवत होत्या, कुणाला ते दिसत नव्हतं.
हेक्टरने भट्टीचं दार उघडलं, आम्ही बाह्या सारल्या.

पावांची गाडी पाचला निघते.
नऊ नंबरच्या थांब्यावरूनच जाते ती,
रोज, वेळेवर, कुणालाही न घेता.