किती दिवस राहायचं

साकीनाका, गाळा नंबर सतरा.
लेथवर टेफ्लॉनची काडी चढवून
मी एक नळी कापतोय,
तिळाएवढी.
आरपार भोक एक पूर्णांक एक मिलिमीटर,
दोन्हीकडे कॉलर, बॉबिनला असते तशी.
शिंक आली की तासाभराचं काम
किसात.

कर्णिक डॉक्टरबाई काडेपेटीत घालून
जुनी नळी घेऊन आल्या होत्या.
खारदांड्याच्या डिंपल तांडेलची, वय सहा.
आठव्या महिन्यात उशीवर सापडली,
आईला आधी वाटलं, माशाचा डोळा.
पोरीच्या पडद्यामागे पाणी साठतं, मधासारखं घट्ट,
मग वर्गात बाई बोलतात
ते बादलीत तोंड घालून बोलल्यासारखं.
नळी असली की आत हवा खेळते.
पडली की पुन्हा बादली.
तिसरी वेळ आहे, डॉक्टरबाई म्हणाल्या.
दरवेळी भूल,
दरवेळी बाप होडीवर न जाता दारापाशी.

मी विचारलं, पडते कशानं? माप चुकतं?
माप नाही हो. पडद्याची कातडी
मधून कडेकडे सरकत वाढते,
जे परकं ते लोटत बाहेर नेते.
मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.
नखाएवढा पडदा
आणि रात्रंदिवस आपलं अंगण झाडतोय.

तेव्हापासून अकरा नमुने.
आतली कॉलर रुंद केली, मग तिरकी,
एकीला मळ धरू नये म्हणून लेप.
चौथी बुजली.
सातवी बघून मीच खूश झालो होतो.
बाईंनी भिंगाखाली फिरवली, गप्प बसल्या.
राहील ही चार वर्षं, म्हणाल्या,
पण हिच्यामागे भोक मिटायचं नाही.

एकतीस वर्षं सुटे भाग करतोय,
पंपाचे, घड्याळांचे, एकदा विमानाच्या खुर्चीचे.
जो येतो तो म्हणतो, टिकलं पाहिजे.
टिकावं, मग वेळ ओळखून निघावं,
आणि जागा भरून यावी मागे,
ही ऑर्डर पहिलीच.
ड्रॉइंगवर हे माप लिहायचं कुठे?

बाईंनी लिहिलंय, कोपऱ्यात, पेन्सिलीनं:
दोन वर्षं. जमल्यास अडीच.
'जमल्यास'खाली रेघ.

अजून कुणाच्याच कानात गेलेली नाही.
चाचण्या आहेत, समितीचा कागद यायचाय.
डिंपलला काही मिळणार नाही ही,
तोवर ती मोठी होईल,
नाकाकडची वाट कदाचित आपोआप मोकळी होईल.
मिळेल ती कुणा भलत्यालाच,
ज्याचं अजून बारसंही झालेलं नाही.

शेजारच्या गाळ्यात प्रेस ठोकतोय.
माझा डावा कान त्यातच गेला,
तो काही नळीनं येणार नाही.
बारावी चिमट्यात धरतो,
उजवा कान पुढे करून फुंकर घालतो.
बारीक शीळ वाजते,
की वाजली असं वाटतं.
पुन्हा घालतो.