लिनोलियमखालचं गाव

स्वयंपाकघरातलं लिनोलियम उचकटायला घेतलं
आणि दुपारपर्यंत हातभरही पुढे सरकलो नाही.
मेरन दोनदा डोकावून गेली.
"काम चाललंय की वाचन?"
दोन्ही, म्हटलं. गुडघे दोन्हीला सारखेच दुखतात.

खाली जुनी वर्तमानपत्रं, एकाला एक भिडवलेली.
अंथरणारा कोणी मॅग्नस इस्बिस्टर, सुतार.
भिंतीकडेला पेन्सिलीने सही आहे, हिशेबही:
चार शिलिंग, चहा वेगळा.
माणूस टापटिपीचा. कपाट आडवं आलं की कागद कापायचा.
त्यामुळे मथळे शाबूत, बातम्या गायब.
ऑर्कनीत झाड औषधालाही नाही, वारा हवा तेवढा.
इथे उरलेलं ज्याचं त्यानेच रचायचं.

'गाईचा प्रश्न परिषदेत.'
म्हणजे ती आली असणार. पायऱ्या चढून, खूर पुसून.
अध्यक्ष फूबिस्टर म्हणाले, विचारा.
तिने विचारलं.
काय ते कुणी लिहून घेतलं नाही,
पण नऊच्या नऊ सभासद चहा गार होईपर्यंत गप्प,
आणि खजिनदाराने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.
उत्तर पुढच्या बैठकीत, असं ठरलं.
पुढच्या बैठकीला गाय वेळेवर हजर.
बाकी कुणी आलं नाही.

'धुक्यामुळे ग्रहण रद्द.'
बरं झालं कळवलं.
पण चंद्र घरून निघालेला होता, त्याला कोण सांगणार?
आला बिचारा, ठरल्या जागी उभा राहिला.
थोरा ड्रीव्हरने काजळी धरलेल्या काचांचे पैसे परत केले,
एक पेनी कापून. काजळी तिच्या घरच्या दिव्याची होती.
कोंबड्यांना निरोप पोचलाच नाही.
त्या भर दुपारी झोपल्या, तासाने पुन्हा उठल्या,
आणि अंडी कालची की आजची
यावरून दुकानात आठवडाभर जुंपली.

'वादळाने चर्चचं छप्पर नेलं.'
नेलं. पळवलं असं लिहिलेलं नाही.
म्हणजे विचारून नेलं असणार.
आणून देतो म्हणाला असेल वारा.

'सापडली: एक बत्तीशी. मालकाने चौकीत ओळख पटवून न्यावी.'
हवालदार रेंडल टेबलामागे, बत्तीशी बशीत.
ओळख पटवायची तर तोंड उघडायला हवं;
आणि हे गाव असं, की हसायचं ते लग्नात, तेही फोटोपुरतं.
तरी सकाळपासून रांग.
पाद्रीबाबांनी दात दाखवले. बँकेतल्या कारकुनाने दाखवले.
ज्यांचे जागच्या जागी होते तेही आले, न जाणो.
फ्लेट भाऊ, कुंपणावरून अकरा वर्षं अबोला,
नेमके समोरासमोर आले, दोघांचे जबडे उघडे.
एकाला वाटलं दुसरा हसतोय,
म्हणून तोही हसला.
कुंपण आता कुठे होतं ते सांगता येत नाही.
बत्तीशी कुणाचीच निघाली नाही.
मेंढीची असेल, असं मेरन म्हणते. या घरातली शहाणी ती.

शेवटी चुलीशी पोचलो.
बिडाची चूल, तीन माणसांशिवाय न हलणारी.
इथे इस्बिस्टरने कापलं नाही, कागद तसाच खाली सरकवला.
'आयझॅक लिंकलेटर मंगळवारी होडी घेऊन निघाला, अजून'
आणि पुढे चुलीचा पाय.

'अजून'च्या पुढे काय येतं
ते या बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.
पण मला दिसतंय ते एवढंच:
तो अजून वल्हवतोय.
मागे दोराने बांधलेलं चर्चचं छप्पर,
वाटेत चंद्राला सांगून आलाय, जा बाबा घरी, रद्द झालं.
आणि किनारा दिसत असूनही हाक मारत नाही,
कारण बत्तीशी त्याचीच होती
आणि दातांशिवाय गावासमोर तोंड उघडायचं म्हणजे.

पहार हातात होती.
मेरन तिसऱ्यांदा आली, वाकली, ओठांतल्या ओठांत वाचलं.
"घाल नवं," म्हणाली.
"चुलीखाली मात्र नको. तिथलं जुनंच राहू दे."