डावा गुडघा

छावणीच्या मैदानावर माघातली सकाळ.
गवत पिवळं, बुटाखाली कुरकुरणारं.
ग्रीन म्हणतात ते हिरवं नाहीच,
जळकं तेल पाजलेली वाळू
आणि मधोमध एक विटका झेंडा.

इलियासभाई माझ्या हातांकडे बघत नाही.
उकिडवा बसून बुटांकडे बघतो.
"मॅडम, बॉल गया. तुमे यहींच रह गये."

खरं आहे.
जालन्याच्या शाळेत एकतीस वर्षं
फळ्यासमोर उभी राहिले ती उजव्याच पायावर.
डाव्याला तेव्हाही सवलत होती,
आता तर त्यात धातू आहे :
क्ष-किरणात पांढरा, परका,
घरात आलेल्या नव्या माणसासारखा
ज्याला अजून किल्ली दिलेली नाही.

तो काठी काढून घेतो.
"पहले खाली पाँव."

त्याचे वडील हिमरू विणायचे, खड्ड्यातल्या मागावर.
येणारेजाणारे नक्षी बघत, हात बघत.
खाली अंधारात पाय असत, ते कोण बघतं?
एक पावडी दाबायची, दुसरी सोडायची.
दोन्ही दाबल्या तर सुतात वाटच उघडत नाही,
एकीवरच बसून राहिलात
तर धोटा जाईल, येईल,
कापड व्हायचं नाही.

मागे जाताना झुकू नका, वळा.
भार उजव्या तळव्याच्या आतल्या कडेला,
बाहेर सांडू द्यायचा नाही.
मग डावी टाच. आधी टाच.
कंबर तिच्या मागून, खांदे कंबरेच्या मागून,
"हात सबसे आखिर में. हात मेहमान हय."

पहिल्यांदा मुरूम उडाला.
दुसऱ्यांदा चेंडू बाभळीखाली,
टिटवी ओरडत उठली, बराच वेळ ओरडत राहिली.
नंतरचे मी मोजले नाहीत,
गणित शिकवलेलं असूनही.

मग एकदा
टाच टेकली, आणि मी थांबवलं नाही.
गुडघ्यात बारीकसं काहीतरी टक् झालं,
श्वास अडकला,
सगळी मी त्याच्यावर गेले,
साठ वर्षांची, एकाहत्तर किलोंची,
आणि तो उभा होता.

काठी खांद्यामागे, पोट झेंड्याकडे,
उजवा बूट चवड्यावर, तळवा मागच्या जगाला दिसेल असा.
तशीच उभी राहिले. वारा नव्हता.

कुठे गेला हो चेंडू?

"मेरेकू क्या मालूम," इलियासभाई म्हणाला,
"मैं तो जूता देख रा था."