पंचेचाळीस अंश

थर्मोकोल पहिल्याच रात्री विरघळला.
हिंगण्याच्या कारखान्यातलं रेझिन, कूलरच्या टाक्यांचं,
ब्रशने लावलं आणि डोळ्यांदेखत
सुकाणूच्या पोटात बोट जाईल एवढं भोक,
मग मूठ जाईल एवढं.
पिल्लेसर हसले नाहीत. वायुसेनेत तीस वर्षं
विमानांचे पंख टिचकीने तपासलेला माणूस.
म्हणाले, निळा फोम आण. इपॉक्सी आण.
घाई घरी ठेव.

त्यांची होडी अंबाझरीच्या काठावर पालथी असते.
प्लायवुडचं सुकाणू पाणी पिऊन सात किलोंचं.
दोन किलोंत बसव, म्हणाले,
सुकाणू, आणि पोटातून खाली उतरते ती,
जिच्यामुळे वाऱ्याला होडी आडवी ढकलता येत नाही.
तिला मराठीत काय म्हणतात मला माहीत नाही.
नागपुरात तो शब्द कुणाला लागलाच नाही.
मी पाती म्हणतो.

गरम तारेने फोम कापला,
मग घासला, पुढून गोल, मागे निमुळता,
मरळ मासळी वरून पाहावी तसा.

मे महिना. बाहेर पंचेचाळीस.
दुपारी कालवलं की इपॉक्सी डब्यातच धुमसतं,
डबा मऊ पडतो, आठवड्याची मजुरी दगड होते.
म्हणून पहाटे तीन.
आणि घरात गार जागा एकच,
बाबांच्या मागाचा खड्डा.
माग विकला. तांडापेठेतल्या आमच्या अख्ख्या गल्लीने विकला.
खड्डा कोण विकत घेणार?
गव्हाची कोठी सरकवली, फळी काढली,
जिथे त्यांचे पाय आयुष्यभर लोंबले
तिथे दोन विटांवर पाती ठेवली.

ते उठून काठाशी येऊन बसले.
मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत. हात पुढे केला,
मी कापड दिलं.
काचेचं सूत आहे, म्हणालो.
"विणलं कोनं?"
मशीनने.
नखाने चाचपत गेले, एक धागा, दुसरा.
"ताना सैल हाय."

कात्री तिरपी लावली तेव्हा मात्र मनगट धरलं.
"काहून बे, तिरपं काहून कापून राहिला?
कापड वाया जाते न."
सांगितलं, सरळ धागा वाकण्याशी झुंजतो,
पिळण्याशी नाही. पाणी सुकाणूला पिळतं.
पंचेचाळीस अंशांत ठेवला
की पीळ धाग्याच्या अंगावर येतो.
बराच वेळ फक्त कूलरची घरघर.
मग म्हणाले,
"लुगडं पिळतेत तवा बी तेच होत असन.
आमी कधी इचार नाही केला."

आणि मनगट सोडलं.
त्यांच्या बोटांत काचेची कुसळं गेली होती,
दोन दिवस खाजवत बसले,
आईने शिव्या मला दिल्या.

एक किलो नऊशे ग्रॅम.
अंबाझरीवर पश्चिमेचा वारा होता,
होडी कलली, सुकाणू धरलेल्या तळव्याला
बारीक घूं ऐकू आली,
म्हणजे कानाला नाही, हाताला.
पिल्लेसर म्हणाले, दोष आहे.
मागची कड जाड राहिली. घास.

घरी आणून खड्ड्याशी ठेवलं.
बाबांनी विचारलं, कशी चालली?
सांगितलं, गुणगुणते.
"मंग राहू दे."

पॉलिश पेपर आणलाय, चारशे नंबरचा.
अजून पाण्यात भिजवला नाही.