प्रश्न सातवा

इंटर्न पोरगी चहाच्या ट्रेखाली फॉर्म सरकवून गेली.
नाव नको म्हणाली, फक्त पद, वय, खुणा.
पद : स्टाफ नर्स. वय : एकोणपन्नास.
आपण ई-सिगारेट ओढता का.
कधी ओढली आहे का.
प्रश्न सातवा : ती साध्या सिगारेटपेक्षा कमी घातक आहे
असे आपणांस वाटते का.
पाच चौकोन, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत.

रात्रीचे अडीच. छातीच्या वॉर्डात
अकरा खोकले. अंधारातही सांगेन कुठला कुणाचा.
टेबलावर पल्स ऑक्सिमीटरशेजारी
डॉक्टर मल्लिनाथांची ती चार्जिंगला लावलेली,
पेनाएवढी, निळा ठिपका मिचकावत.
बंदी आहे तिच्यावर, त्यांना ठाऊक.
मलाही ठाऊक. कुठल्या दुकानात मिळते, तेही.

परवा चार नंबरच्या लक्ष्मय्यांना ते सांगत होते,
विडी सोडा मामा, फुप्फुसाची चाळण झालीय.
चाळीस वर्षं लूमवर चादरींची कुसं गिळलेला माणूस
मास्क बाजूला करून हुंगला, म्हणाला,
"आंबा खाल्ला काय ओ डॉक्टर? मार्गशीर्षात?"
सगळा वॉर्ड हसला, हसता हसता खोकला.
डॉक्टर पुढच्या बेडकडे वळले.

माझी अम्मा दिवसाला हजार विड्या वळायची.
मांडीवर सूप, सुपात जर्दा, ओल्या फडक्यात पानं,
पत्र्याचा साचा, कात्री.
ठेकेदार मूठभर छाट काढायचा, त्याचे पैसे नाहीत.
उरलेल्यांतून माझी नर्सिंगची फी.
हॉस्टेलात माझ्या ट्रंकेला जर्द्याचा वास यायचा,
मुली खिडकी उघडायच्या.

अम्मानं उभ्या जन्मात एक विडी ओठाला लावली नाही.
एक्स-रे उजेडाला धरून मल्लिनाथांनी विचारलं,
"आजी, किती वर्षं झाली?"
"चाळीस," ती म्हणाली, आणि बोटं दाखवली, नखांशी पिवळी.
त्यांनी फाइलीत लिहिलं, धूम्रपान : होय.
मी ड्यूटीवर होते. पेन माझ्याच खिशात.
खोडलं नाही.

ती गेली त्या रात्री मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे.
ते छत्तीस तासांचे जागे. काही न बोलता त्यांनी ती पुढे केली.
दोन झुरके. आंब्याचा वास, आंबा कुठेच नाही.
"धूर नसतो सिस्टर, वाफ असते."
वाफ तर मी रोज देते,
नेब्युलायझर लावून, पाठीवर हात ठेवून.
ही तशी नव्हती. पण कशी होती,
त्याला फॉर्मवर चौकोन नाही.

कधी ओढली आहे का : नाही.
सातव्यावर पेन टेकवलं तेवढ्यात चारचा मॉनिटर वाजला.
परत आले तर चहा सांडलेला,
सहमत-असहमत दोन्ही एकाच डागात.

सकाळी पोरगी गठ्ठा मागायला आली.
स्टेपलर सापडेना. ड्रेसिंगच्या दोऱ्यानं बांधून दिले,
पंचवीसच्या बंडलासारखे, गाठ आपोआप तशीच पडली.
तिनं मोजले.
छाट काढली नाही.