डबा

समाजाच्या हॉलमध्ये सत्कार आहे,
नव्वदच्या वरची मुलं पहिल्या दोन रांगांत,
पंखे गरम हवाच फिरवतायत,
आणि मी प्रमुख पाहुणा.
विषय त्यांनीच दिलाय : यशाचं गणित.

गणित मला येतं.
तेव्हाही येत होतं,
ज्या दिवशी नायना भरदुपारी घरी आला,
हातात डबा, कडी न उघडलेली.
मालकानं चौदाही माग भंगारात घातले होते,
किलोच्या भावानं.
मी दहावीत. वहीचं शेवटचं पान काढलं :
पगार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस,
गुणिले बावीस वर्षं.
उत्तर मोठ्यानं सांगितलं,
आमच्याकडे सगळे मोठ्यानंच बोलायचे,
नायनाच्या कानात माग कायमचे राहायला आले होते.
तो माझ्या ओठांकडे बघत राहिला
आणि मान हलवली,
पत्ता सांगणाऱ्या परक्या माणसापुढे हलवावी तशी.

उत्तर बरोबर होतं, ते खोटं का सांगू?
अर्ज मीच लिहिला, वर्षभरानं पैसे आले,
त्यातून छपराचे पत्रे बदलले.
पण ती दुपार वर्षभर थांबणार नव्हती.

श्रीहरी बाहेरून आला. माझा धाकटा,
सातवीत दुसऱ्यांदा बसलेला.
एकदा बापाकडे बघितलं, एकदा डब्याकडे.
काय झालं, असं विचारलं नाही.
आधी दंडाला हात लावला,
हाकेऐवजी तो नेहमी तेच करायचा,
आणि म्हणाला, "नायना, भूक लागलीय."

तासाभरापूर्वीच जेवला होता तो.
मी म्हणणारच होतो, खोटं बोलतोय.
अम्मानं विड्यांच्या सुपावरची नजर न उचलता
माझ्या पायाचा अंगठा दाबला. जोरात.

मग कडक भाकरी मोडल्याचा आवाज.
शेंगाची चटणी, तेल नाही.
श्रीहरी एकटा खाईना, म्हणून नायनानं एक घास घेतला,
मग दुसरा.
आणि श्रीहरीनं विचारलं,
"सहा नंबरचा पण नेला?"

मला चौदा हा आकडा माहीत होता.
त्यातला सहावा लंगडत चालायचा,
नायना त्याला सणाला हळदीकुंकू लावायचा,
धोटा अडकला की त्याच्याशी तेलुगूत भांडायचा,
हे त्या घरात राहून
मला माहीत नव्हतं.

नायना बोलायला लागला.
समोरच्या भिंतीवरचं ऊन सरकून गेलं
तरी बोलत होता.
मधे कधीतरी रडलाही असावा.
मी वहीत तोंड घालून
रीत पुन्हा तपासत होतो.

आज या हॉलच्या खुर्च्या श्रीहरीच्या आहेत,
मांडव, माईक, पाण्याचे जारही.
यादी वाचून झाली.
मागे दाराशी कुणी एक मुलगी, नवा ड्रेस,
आई तिच्या पाठीवरून हात फिरवतेय.
तिचं नाव आलं नाही, बहुतेक थोडक्यात हुकलं असेल.
हे मला दिसलं नव्हतं.
मला दिसलं ते इतकंच, की श्रीहरी
वायरींचं भेंडोळं सोडून तिच्याकडे गेला,
काहीतरी बोलला,
आणि आता ती माईकच्या खोक्याशी उभी आहे,
एक बटण बोटानं धरून,
अख्खा कार्यक्रम त्या बटणावर चाललाय अशी.
त्या बटणाला काही होत नाही.
मला माहीत आहे. तिलाही कळलं असेल.
तरी तिनं ते सोडलेलं नाही.

माझं नाव पुकारतात. कागदावर पाच मुद्दे.
घसा कोरडा पडलाय.
हॉलच्या त्या टोकाहून
श्रीहरी माझ्याकडे बघतो, ओठ हलवतो,
जेवलास का विचारतोय,
की सावकाश बोल म्हणतोय,
मला वाचता येत नाही.

पहिल्या रांगेतला एक मुलगा
वहीचं शेवटचं पान उघडतो.
मी मोठ्यानं बोलायला लागतो.