एकेचाळीस मिनिटं

योएन्सूच्या वर, तळ्यावर बर्फ हातभर जाड.
चौदा जणांच्या कपाळावर आम्ही कॅमेरे बांधले.
भोक पाडायचं, गळ सोडायचा,
मासा लागेना की उठून दुसरीकडे.
कधी उठतात, एवढंच आम्हाला हवं होतं.

पाखरांवर काम केलेला यारी म्हणाला, सहा मिनिटं.
अर्थशास्त्रातली सोल्वेग: नऊ,
बुडालेल्या वेळाचा मोह धरून.
माझं गणित दोघांच्या मधे कुठंतरी.

आयली, वय अठ्ठ्याहत्तर,
रिकाम्या भोकाशी एकेचाळीस मिनिटं.
तिच्या कॅमेऱ्यातून मी पाहत राहिले
काळं पाणी, त्यावर धरणारी साय,
ती झाऱ्यानं काढणारा हातमोजा,
पुन्हा साय.
तीस पावलांवर हशा, बर्फावर तडफडणारे पर्च,
हिची मान एकदाही वळली नाही.

"चिकाटी," यारीनं लिहिलं.
"सवय," सोल्वेगनं. मग खोडलं. "वय?"

संध्याकाळी हातमोजे शेगडीवर वाळत घालताना
विचारलंच शेवटी.
"अगं, ते भोक रेइनोनं पाडून दिलं.
खांदा दुखावलाय त्याचा, तरी.
लगेच उठले असते
तर काय वाटलं असतं त्याला?"

रेइनोचं चित्रण काढून बसले मग रात्री.
त्याचंही भोक रिकामंच.
दर दोन-तीन मिनिटांनी चित्र वळतं
तिच्या पाठीकडे,
आणि परत पाण्याकडे.

तक्त्यात एक रकाना वाढवलाय मी.
नाव काय द्यावं, सुचलं नाही.
सोल्वेग रोज विचारते, हा पुसू का.